सार्वजनिक उद्यानातील स्थानशोध

अक्षांश म्हणजे काय, असा प्रश्न सहावीच्या वर्गात विचारला असता बहुतेक मुले व्याख्या बिनचूक सांगतात. कर्कवृत्त नकाशावर कोठून जाते हेही ती बोटाने दाखवितात. परंतु त्याच मुलांस, "आपली शाळा कोणत्या अक्षांशावर आहे? आणि शाळेच्या फाटकापासून हातपंपापर्यंत चालत गेल्यास तो अक्षांश किती बदलेल?" असे विचारले की वर्ग गप्प होतो. काही मुले तर फाटक आणि हातपंप यांचा अक्षांश एकच असला पाहिजे असे समजतात. कारण पुस्तकातील नकाशावर सबंध हिंगोली जिल्हा हाच मुळी एका ठिपक्याएवढा असतो.

यात मुलांचा दोष नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर होत. सेनगाव तालुक्यातील साखऱ्याच्या मुलास एवढे अंतर चालून पाहणे शक्य नाही, आणि जे चालून पाहता येत नाही ते त्याच्या लेखी पाठांतराचेच राहते. अंशाचे मिनिट आणि मिनिटाचा सहस्रांश इथवर खाली उतरले, तरच ही कल्पना त्याच्या पावलांच्या आवाक्यात येते. गेल्या पंचवीस वर्षांत जगभर पसरलेला एक खेळ नेमके हेच करवून घेतो. त्याचे इंग्रजी नाव जिओकॅशिंग असे आहे. मराठीत त्यास स्थानशोध म्हणता येईल. या नावातील 'कॅश' म्हणजे रोकड नव्हे, हे वर्गात आरंभीच सांगून टाकावे. तो मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ लपवून ठेवलेला साठा असा आहे. उच्चार सारखाच असल्यामुळे मुलांचा, आणि मुलांहून अधिक पालकांचा, गैरसमज होण्याचा संभव आहे.

खेळाचे स्वरूप साधे आहे. एका व्यक्तीने कोठेतरी एक झाकणाची डबी ठेवावयाची, तीत एक वही व पेन्सिल घालावयाची, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करावयाचे. दुसऱ्याने ते आकडे हाती घेऊन जागा गाठावयाची, डबी शोधावयाची, वहीत नाव व तारीख लिहावयाची आणि डबी होती तेथे, होती तशीच परत ठेवावयाची. डबीत एखादी लहानशी वस्तू असल्यास ती घेता येते. मात्र तिच्या मोबदल्यात तितक्याच किंवा अधिक मोलाची दुसरी वस्तू ठेवावी असा संकेत आहे.

याचा पूर्वज इंग्लंडातील डार्टमूर या माळरानावर सापडतो. तेथे जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये क्रॅनमिअर पूल या आडवळणी दलदलीच्या जागी एक बाटली ठेवली, आणि तेथवर पायी पोहोचणारे प्रवासी तीत आपापली नावाची चिठ्ठी टाकू लागले. आजचा खेळ मात्र एका शासकीय निर्णयातून जन्मास आला. अमेरिकेच्या स्थाननिश्चितीच्या उपग्रहांचे नागरी वापरासाठीचे संदेश तोवर मुद्दाम अस्पष्ट ठेवले जात, आणि त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्रास सुमारे १०० मीटरपर्यंत चूक येई. मे २००० च्या आरंभी हे निर्बंध उठले. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर याने ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली व तिचे आकडे इतरांस कळविले. तीत वही, पेन्सिल, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा बंद डबा अशा किरकोळ वस्तू होत्या. तीन दिवसांच्या आत ती दोघांना सापडलीही. पुढे या खेळाचे नियम झाले तेव्हा खाद्यपदार्थ ठेवू नयेत आणि जमीन खणू नये, ही त्यांतील दोन ठळक कलमे ठरली. म्हणजे पहिल्याच बादलीने दोन्ही मोडली होती. आज जगात अशा तीस लाखांहून अधिक डब्या आहेत.

उपग्रह जागा कशी सांगतात, हे मुलांस थोडक्यात सांगता येते. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर निदान २४ उपग्रह फिरत असतात व प्रत्येक उपग्रह दिवसातून दोन प्रदक्षिणा पुऱ्या करतो. प्रत्येकात अत्यंत अचूक घड्याळ असते. उपग्रह सतत सांगत असतो की, मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे. हातातील यंत्र त्या संदेशास पोहोचण्यास लागलेला वेळ पाहून अंतर काढते. प्रकाशाचा व रेडिओलहरींचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर असल्यामुळे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. स्थान ठरविण्यास तीन अंतरे पुरावीत असे वाटेल. परंतु यंत्राचे स्वतःचे घड्याळ तितके अचूक नसते, म्हणून ती चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. भारतानेही १ जुलै २०१३ रोजी आपला या प्रकारचा पहिला उपग्रह सोडला, आणि २०१६ मध्ये या व्यवस्थेस 'नाविक' हे नाव मिळाले.

येथे खेड्यातील शिक्षकांच्या सोयीची एक गोष्ट आहे. उपग्रहाचे संदेश केवळ ऐकावयाचे असतात. यंत्र उलट काही पाठवीत नाही. त्यामुळे मोबाईलला 'रेंज' नसली तरी तो अक्षांश-रेखांश सांगू शकतो. नकाशाचे चित्र उमटण्यास इंटरनेट लागते, आकड्यांस लागत नाही. रेंज नसताना पहिले वाचन येण्यास काही मिनिटे लागतात, एवढेच.

आता आकड्यांचा जमिनीवरील अर्थ. हिंगोली शहर सुमारे १९ अंश ४३ मिनिटे उत्तर अक्षांश व ७७ अंश ९ मिनिटे पूर्व रेखांश येथे आहे. या भागात अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर. त्याचा सहस्रांश म्हणजे १.८५ मीटर, अर्थात मोठ्या माणसाची दोन-अडीच पावले. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून येथे रेखांशाचे मिनिट थोडे आखूड, सुमारे १,७५० मीटर, भरते. विषुववृत्तावर ही दोन्ही अंतरे जवळजवळ सारखी असतात. रेखावृत्ते ध्रुवाशी एकत्र मिळतात हे वाक्य मुलांनी पृथ्वीगोलावर पाहिलेले असते. त्याचा पुरावा आपल्याच पटांगणात १.८५ आणि १.७५ यांच्या फरकात पडलेला आहे, हे मात्र त्यांस कोणी दाखविलेले नसते.

मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाईलची चूक पाचएक मीटर असते. झाडाखाली वा उंच भिंतीजवळ ती वाढते, कारण पाने व भिंती संदेश अडवितात किंवा परतवितात. पाच मीटर चूक म्हणजे पाच मीटर त्रिज्येचे वर्तुळ, आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस मीटर होते. यंत्र मुलांस या वर्तुळापर्यंत आणून सोडते. त्यापुढचा शोध डोळ्यांनीच घ्यावा लागतो, आणि खेळातील खरे शिक्षण तेथेच सुरू होते.

असे आकडे आज खिशातील यंत्र क्षणात देते. एके काळी त्यांसाठी माणसांनी आयुष्ये वेचली, हेही मुलांस सांगण्याजोगे आहे. आणि ते सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. विल्यम लॅम्ब्टन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पायारेषा मोजण्यास आरंभ करून हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला. सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवीत हे काम ७८ व्या रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेले. हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्ब्टनचा मृत्यू झाला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ही रेषा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. सर्वेक्षणाचे प्रत्येक ठाणे दगडावर कोरलेल्या वर्तुळाने व त्याच्या मध्यबिंदूने दर्शविलेले असे, आणि अनेक ठिकाणी वरच्या खुणेच्या बरोबर खाली जमिनीत दुसरी खूण पुरून ठेवीत, म्हणजे वरची नाहीशी झाली तरी जागा हरवू नये. ज्ञात अक्षांश-रेखांशावर ठेवलेली आणि कोणी हलवू नये अशी ही खूण होती. स्थानशोधातील डबीकडे मुलांनी याच दृष्टीने पाहावे.

येथवरचा भाग कोणत्याही शाळेस सोपा आहे. अडचण उभी राहते ती खेळ सार्वजनिक उद्यानात न्यावयाचा म्हटल्यावर. पुष्कळ शाळांच्या सहली छत्रपती संभाजीनगरकडे जातात आणि वेरूळ, बीबी का मकबरा यांच्याबरोबर तेथील मध्यवर्ती बसस्थानकाजवळचे सिद्धार्थ उद्यानही पाहतात. अशा उद्यानात स्थानशोध घ्यावा असे उत्साही शिक्षकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शहरोशहरीचे हौशी खेळाडू उद्याने या खेळासाठी निवडतातही. परंतु उद्यान हे रान नव्हे. रानात डबी लपविणे कठीण असते ते प्राण्यांपासून आणि पावसापासून. वर्दळीच्या उद्यानात ती माणसांपासून जपावी लागते. बाकावर बसलेले वृद्ध, खेळणारी बालके, माळी, पहारेकरी, फुगेवाले या सर्वांच्या देखत कोणी झुडपात हात घालून काही ठेवतो किंवा काढतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात काय येईल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात वेदरबी या गावी जुलै २०११ मध्ये एका उपाहारगृहाबाहेर एक मनुष्य फुलझाडांच्या पेटीपाशी लहानशी डबी हाताळताना कोणाच्या तरी नजरेस पडला. पोलिसांस वर्दी गेली, रस्ता बंद झाला, बॉम्बनाशक पथक आले आणि डबी नियंत्रित स्फोटाने उडवून देण्यात आली. नंतर उलगडा झाला की ती याच खेळातील होती. आपल्याकडे तर असा संशय येण्यास याहून सबळ कारणे आहेत. पुण्यात १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले, आणि याच रस्त्याच्या कडेला संभाजी उद्यान आहे. बसस्थानकावर व रेल्वेत बेवारस वस्तूस हात लावू नका, ताबडतोब कळवा, अशा सूचना मुले प्रवासात ऐकतात, आणि त्यांनी तसेच वागावे हे आपणच त्यांस शिकवितो. ज्या हातांस बेवारस डबीस शिवू नका असे सांगितले, त्याच हातांस झुडपातील अनोळखी डबी उघडावयास लावणे हे शिक्षकास शोभणारे नाही. भूगोलाचा एक पाठ पक्का होईल, पण सुरक्षिततेचा दुसरा पाठ कच्चा होऊन बसेल, आणि दुसरा अधिक महत्त्वाचा आहे.

यावर खेळाच्या जाणत्यांनी काढलेले उपाय असे आहेत : जागेच्या मालकाची वा अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी, डबी शक्य तर पारदर्शक असावी, तिच्यावर ती काय आहे हे स्पष्ट लिहावे, ती पुरू नये, झाडास खिळा मारू नये, दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर असावे. ही सर्व बंधने योग्य आहेत. तथापि एका दिवसाच्या सहलीसाठी नगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करून लेखी परवानगी मिळविणे खेड्यातील शिक्षकास कितपत जमेल, याचा विचार करता दुसरा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. तो म्हणजे उद्यानात डबी ठेवावयाचीच नाही.

हाही या खेळातील मान्य प्रकार आहे. जानेवारी २००४ पासून अमेरिकेतील भूवैज्ञानिक संस्थेच्या पुढाकाराने 'अर्थकॅश' नावाचा प्रकार चालत आला आहे. त्यात डबी नसते. दिलेल्या आकड्यांवर जाऊन तेथील खडक, माती वा भूरूप पाहावयाचे आणि जागेवर गेल्यावाचून देता येणार नाही असे उत्तर द्यावयाचे. उद्यानासाठी ही कल्पना नेमकी लागू पडते. शोधावयाची वस्तू उद्यानात पूर्वीच असते : एखादी कोनशिला, पुतळ्याचा चौथरा, एखादे जुने झाड, कारंजे, पायऱ्या. शिक्षकाने सहलीच्या आरंभी, मुले डबे सोडून न्याहारीस बसली असता, उद्यानात एक फेरी मारून पाच-सहा जागांची वाचने टिपून घ्यावीत व प्रत्येक जागेस एक प्रश्न जोडावा. कोनशिलेवर कोणते वर्ष कोरले आहे? चौथऱ्याचा दगड काळा बेसाल्ट आहे की तांबूस वालुकाश्म? या जागेवरून पाहता उगवतीकडचे सर्वांत उंच झाड कोणते? मुलांचे गट आकडे घेऊन निघतात, जागा गाठतात, उत्तर लिहितात आणि पुढे सरकतात. कोणाच्याही हातास कसलीही वस्तू लागत नाही, पहारेकऱ्याच्या मनात संशय येत नाही आणि एक पानही तुटत नाही.

प्रश्न निवडताना मात्र दक्षता हवी. ज्याचे उत्तर दुरून दिसते किंवा वर्गात बसून सुचते, असा प्रश्न निरुपयोगी होय. चार कोपऱ्यांत चार सारखे बाक असतील तर बाकाविषयी विचारू नये; पाच मीटरांच्या चुकीने मुले शेजारच्या बाकाशी पोहोचतील आणि नसता वाद होईल. दोन जागांत निदान वीस-पंचवीस मीटर अंतर ठेवावे. दाट झाडीतील जागेपेक्षा मोकळ्यावरील जागा घ्यावी. जेथे माणसे विसावलेली असतात तेथे पंधरा मुलांचा घोळका पाठवू नये. उद्यानाचा पहिला हक्क त्यांचा आहे. मुलांनी धावू नये, फुलांच्या ताटव्यांतून आडवी वाट काढू नये. सरळ रेषेत अंतर वीस मीटर असले तरी पायवाटेने ते चाळीस होते, ही गोष्टही त्यांस तेथेच कळेल. प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक अथवा सोबत आलेला पालक असावा. मोबाईलकडे पाहत चालणारे मूल कारंज्याच्या कठड्याकडे पाहत नाही. गर्दीत मुलांची नावे मोठ्याने पुकारू नयेत व मुलांची छायाचित्रे जागेच्या आकड्यांसह कोठेही प्रसिद्ध करू नयेत.

पहिल्यास बक्षीस ठेवण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरावा. बक्षीस लागले की मुले धावतात, आणि उद्यानात धावणाऱ्या पाच गटांस आवरणे ही निराळीच कसरत होऊन बसते. सर्व उत्तरे बरोबर आणणारे सर्व गट सारखेच, असे ठरविले म्हणजे मुले आपोआप निवांत पाहू लागतात.

डबीचा शोध मुलांस अधिक रंजक वाटतो, हे खरे आहे. तो घ्यावाच, पण तो शाळेच्या आवारात घ्यावा, जेथे परवानगी मुख्याध्यापकांची आणि पहारा आपला असतो. गावच्या पारावर, देवळाच्या आवारात किंवा पडक्या गढीपाशी डबी ठेवण्याचे टाळावे. त्याचे एक कारण उद्यानाचेच आहे. दुसरे खास आपल्या भागातील आहे. गुरुजींनी मुलांस 'खजिना' शोधावयास गढीवर नेले, एवढी बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते, आणि रात्री कोणी पहार घेऊन तेथे पोहोचणारच नाही याची हमी देता येत नाही. गुप्तधनाच्या नादाने मराठवाड्यात अनेक जुन्या वास्तू उकरल्या गेल्या आहेत, आणि भोंदूंच्या नादी लागून माणसांवर अघोरी प्रसंगही ओढवले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनाच्या नावाने केले जाणारे अघोरी कृत्य हा गुन्हा ठरविला आहे. जमिनीत खरोखरच धन सापडले तरी १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. यास्तव या पाठात खजिना, धन, निधी हे शब्द वापरूच नयेत. 'खूण' म्हणावे. डबीवर शाळेचे नाव आणि 'भूगोल प्रात्यक्षिक' अशी अक्षरे ठळक लिहावीत, व पूर्वी एक दिवस शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत या उपक्रमाची माहिती द्यावी. पालकांपैकी एखाद्याने येऊन स्वतः शोध घेतला तर फारच उत्तम.

डबी कोठे लपवावी याचाही विचार हवा. दगडांची रास, कुंपणाची सापट, बिळे, लाकडांचा ढीग ही ठिकाणे वर्ज्य होत. विंचू व साप यांची ती घरे आहेत. मुलांस निक्षून सांगावे की जेथे दृष्टी पोहोचत नाही तेथे हात घालावयाचा नाही. डबी कमरेइतक्या उंचीवर, बाजूने पाहिल्यास दिसेल अशा बेताने ठेवावी : खिडकीच्या गजामागे, ध्वजस्तंभाच्या चौथऱ्याच्या मागील बाजूस, कडुलिंबाच्या दुबेळक्यात. खाऊ ठेवू नये, मुंग्या लागतात. वहीबरोबर पेन ठेवू नये, पेन्सिल ठेवावी. ओल लागली म्हणजे शाई फुटते, पेन्सिलीचे अक्षर टिकते.

शाळेत एकच मोबाईल असला तरी अडत नाही, उलट गणिताच्या दृष्टीने ते बरेच होय. शिक्षकांनी फाटकाचे व डबीचे अशी दोनच वाचने घेऊन फळ्यावर लिहावीत. अंश व पूर्ण मिनिटे दोहोंकडे सारखीच असतील. फरक फक्त मिनिटाच्या सहस्रांशात पडेल. समजा, डबीचा अक्षांश फाटकाच्या अक्षांशाहून १४ सहस्रांशांनी अधिक आहे आणि रेखांश १० सहस्रांशांनी अधिक आहे. तर डबी फाटकाच्या उत्तरेस १४ गुणिले १.८५ म्हणजे सुमारे २६ मीटर, आणि पूर्वेस १० गुणिले १.७५ म्हणजे साडेसतरा मीटर आहे. पायथागोरसचा सिद्धांत शिकलेल्या सातवीच्या मुलांस सरळ अंतर सुमारे ३१ मीटर येईल. आता मोबाईल खिशात ठेवावा आणि मुलांस पावलांनी निघू द्यावे. आपले पाऊल किती लांब हे प्रत्येकाने आधी टेपाने मोजलेल्या पन्नास मीटरवर चालून काढलेले असावे. होकायंत्र नसल्यास उत्तर दिशा काठीच्या सावलीवरून मिळते : सपाट जागी काठी उभी करून तिच्याभोवती वर्तुळ काढावे, सकाळी सावलीचे टोक वर्तुळास जेथे शिवते आणि दुपारनंतर पुन्हा जेथे शिवते त्या दोन्ही खुणा जोडाव्यात, ती रेषा पूर्व-पश्चिम होय. तिला काठीपासून काढलेला लंब म्हणजे उत्तर-दक्षिण.

सावली पाहता पाहता आणखी एक गोष्ट हाती लागते. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे या रेखावृत्तावरून ठरते, आणि हिंगोली त्याच्या पश्चिमेस सुमारे ५ अंश २१ मिनिटे आहे. दर अंशास चार मिनिटे धरता येथे सूर्य माथ्यावर येण्यास घड्याळात सरासरी १२ वाजून २१ मिनिटे होतात. वर्षभरात हा क्षण पुढेमागे सरकतो, परंतु १५ एप्रिल व १ सप्टेंबर या दिवसांच्या सुमारास तो जवळजवळ सरासरीवरच असतो. ज्या शाळेने १ सप्टेंबरच्या आसपास उघडीप साधून सर्वांत आखूड सावलीची वेळ टिपली, तिने उपग्रहावाचून आपला रेखांश काढला असे म्हणण्यास हरकत नाही. मिनिटभराची चूक झाली तर उत्तर पाव अंशाने, म्हणजे सव्वीसएक किलोमीटरने, चुकेल. मोबाईलचे पाच मीटर आणि हे सव्वीस किलोमीटर मुलांनी वहीत शेजारीशेजारी लिहावेत.

पहिल्या दिवशी दोन-तीन गट चुकीच्या ठिकाणी पोहोचतील. त्यांस लगेच जागा दाखवू नये. चूक मोजणीत झाली, दिशेत झाली की मुळात मोबाईलच्या वाचनात होती, हे त्यांनीच शोधावे. त्यासाठी शिक्षकांनी फाटकाचे वाचन सकाळी, दुपारी व सायंकाळी असे तीन वेळा घेऊन फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे. तीनही आकडे अगदी सारखे क्वचितच येतात. छापील पुस्तकातील आकडा एकच असतो, आणि आपल्या फाटकाचे मात्र तीन निघाले. मुले त्यांची सरासरी काढावी असे स्वतःहून सुचवितात की नाही, ते पाहावे.

डबीतील वही शाळेच्या दप्तरी ठेवावी व पुढील वर्षाच्या वर्गास दाखवावी. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी डबी काढून कपाटात ठेवण्यास विसरू नये. दीड महिना शाळा बंद असताना तिची राखण करणारे कोणी नसते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर नवी जागा निवडावी, आणि या वेळी ती आदल्या वर्षीच्या मुलांस निवडू द्यावी.